चाळिसावी बरणी

४ मार्च, मंगळवार

रविवारी लिहिलेल्यात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, "बरण्या द्यायला बाबा हो म्हणाले." बाबा हो म्हणाले नाहीत. मी विचारलं, "बाबा, आईच्या बरण्या मधवाल्या काकूंना देऊया का?" त्यावर ते म्हणाले, "बघ." मग उठून त्यांनी नळ घट्ट बंद केला. तो गळत नव्हता. 'बघ' आणि 'हो' यांत फरक आहे. मला 'हो' हवं होतं म्हणून मी 'हो' लिहिलं. कॉलेजात प्रयोगाच्या वहीत असं केलं असतं तर बाईंनी पान पुन्हा लिहायला लावलं असतं.

१ एप्रिलला मला बंदराच्या गावी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत हजर व्हायचंय. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचा जिना चढलेलं नाही, त्यामुळे ही नोकरी तुझ्या एकटीची नाही, असं मावशी येताजाता बजावते. पण आई जाऊन दोन महिने झाले, आणि मी गेले की या दोन खोल्यांत बाबा एकटे. गोदामावरची राखणदारी सुटल्यापासून त्यांना एकच काम होतं. आई व्हिनेगरमध्ये लसूण भरायची आणि बाबा झाकणं आवळायचे. आईच्या मनगटात तेवढा जोर नव्हता. आता भरणारंच कुणी नाही, तर आवळायचं काय?

मधवाल्या काकूंचं बाजारात छोटं दुकान आहे. त्यांना चाळीस बरण्या हव्यात, मध भरायला एक स्वच्छ ओटा हवा आणि हाताखाली विश्वासाचा माणूस हवा. ओटा आमचा, माणूस बाबा. काकू रोज येतील, दोघं मिळून भरतील, बाबांच्या कानावर दिवसभर चार शब्द पडतील. मग मला जाता येईल. अट एकच आहे. बरण्यांना लसणाचा वास यायला नको.

५ मार्च, बुधवार

आज धुवायला काढल्या. गरम पाणी, साबण, लांब दांड्याचा ब्रश. आईला अक्षरओळख नव्हती. कोणती बरणी कधी भरली ते ती गळ्याला बांधलेल्या दोऱ्याच्या रंगावरून सांगायची. मी शाळेत जाऊ लागल्यावर चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या, तेव्हा तिने प्रत्येक चिठ्ठीवरून बोट फिरवलं, "किती सरळ ओळ काढतेस गं," म्हणाली, आणि वरून दोरा बांधला तो बांधलाच.

धुताना दोरे कापावे लागले. आईची गाठ नखाने सुटत नाही. बाबांनी फरशीवर पडलेले दोरे एक एक करून उचलले. आई असताना ते इतके टापटिपीचे नव्हते. मला बरं वाटलं.

आईच्या चाळीस होत्या, मोजल्या तर एकोणचाळीस भरल्या. एक मावशीकडे गेली असणार. तिच्याकडे गेलेली वस्तू मागितल्याशिवाय परत येत नाही.

संध्याकाळी काकू येऊन त्यातलीच एक घेऊन गेल्या. तीत मध भरून बघणार आहेत.

७ मार्च, शुक्रवार

साबणाने काहीही झालेलं नाही. वर सगळं चकचकीत, आणि झाकण उघडलं की लसूण. काल खाण्याचा सोडा पाण्यात कालवून आतून लेप दिला होता, आज धुतला. दुपारपर्यंत काही नव्हतं. संध्याकाळी पुन्हा होता.

मावशी खालच्या मजल्यावरून वर आली. कमरेवर हात ठेवून सगळ्या बरण्यांकडे बघून म्हणाली, "काय शास्त्रज्ञबाई, सरकार तुला अख्ख्या बंदराचं पाणी तपासायला बोलावतंय आणि तुला एवढासा वास निघेना?"

मी म्हटलं, "सरकार नाही मावशी, नगरपालिका."

"तेच ते. कशाने घासतेयस?"

"सोड्याने."

"मग सोड सोडा. कोळसा घाल. नाहीतर कॉफीचा चोथा. माझ्याकडे दोन्ही आहे. फक्त चोथा परत नको आणून देऊस."

मी तिला चाळिसाव्या बरणीबद्दल विचारलं. ती चिडली. "तुझी आई देताना शंभरदा मोजून द्यायची आणि शंभर वेळा आठवण करायची. तिची बरणी ठेवून घ्यायची हिंमत आहे कुणाची?" मग कोळसा आणते म्हणून खाली गेली ती आली नाही. मीच जाऊन आणला.

८ मार्च, शनिवार

धुतलेली प्रत्येक बरणी पुसून लगेच झाकण लावते. आईचा नियम होता तो, उघडी बरणी दिसली की ती हातातलं काम टाकून यायची. एकदा कधीतरी, माझ्या जन्माआधी, उघड्या बरणीत पाल पडली होती आणि सगळा घाणा फेकावा लागला होता. ती पाल आमच्या घरात अजून जिवंत आहे, असं बाबा म्हणायचे. हल्ली म्हणत नाहीत.

झाकणं बाबा आवळतात. मी लावलेली त्यांना ढिली वाटतात. मी पाठ फिरवली की ते सगळ्या रांगेवरून पुन्हा एकदा हात फिरवून येतात.

११ मार्च, मंगळवार

काकू आल्या. पिशवीतून बरणी काढून ओट्यावर ठेवली आणि मला म्हणाल्या, "घे, चाख."

मी चमचाभर चाखला. आधी मध होता, आणि मग घशाशी लसूण.

"मध चहाडखोर असतो बघ," काकू म्हणाल्या. "ज्याच्या शेजारी बसवशील त्याचं सगळं येऊन सांगतो. वाईट वाटून घेऊ नकोस. पण माझी गिऱ्हाइकं लहान मुलांना चाटवतात हे. मला नाही चालायचं."

मी विचारलं, किती दिवस थांबाल.

"चोवीस तारखेला सोमवार आहे. तोवर पेट्यांमधला मध निघेल, तो मी डब्यांत किती दिवस ठेवू? तोवर झालं तर गाडी घेऊन येते, बरण्यांना चिठ्ठ्या लावायला दुकानात नेते आणि दुसऱ्या दिवसापासून इथेच काम सुरू. नाही झालं तर बाजारामागे एक खोली बघून ठेवलीय. तिथे बाया आहेत भरायला." मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "दादा, मला तुम्हीच हवे आहात. तुमच्या हातचं झाकण गिऱ्हाइकाला उघडत नाही, एवढीच काय ती तक्रार."

बाबा हसले. जानेवारीनंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. म्हणून हे जमवलंच पाहिजे. हे जमलं नाही तर मला बाबांना असं सोडून जाता येणार नाही. मी प्रयोगशाळेला तसं कळवीन, आणि ते दुसऱ्या कुणाला तरी बोलावतील. वाट बघणारे पुष्कळ असतात. मी नुसतं घाबरून हे लिहीत नाहीये, मला खरंच तसं दिसतंय.

कोळशाने काही झालं नाही. कॉफीच्या चोथ्याने बरण्यांना लसूण घातलेल्या कॉफीचा वास आला.

१२ मार्च, बुधवार

आज व्हिनेगर. कपाटाखाली आईचाच कॅन होता, निम्मा भरलेला. ज्याच्यात तिने लसूण मुरवला त्यानेच लसूण काढायचा, हे मला विचित्र वाटलं, पण रसायनाला ते कुणाचं आहे हे कळत नाही. मी विकत दुसरं आणू शकले असते. आईचं संपवलं. हे बरोबर केलं का, माहीत नाही.

कॅन रिकामा झाल्यावर बाबांनी तो धुवायला माझ्याकडे दिला नाही. म्हणाले, राहू दे, टोपण शाबूत आहे, कशाला तरी होईल.

१४ मार्च, शुक्रवार

आज मनाला आधार वाटावा असं काहीतरी घडलं. दुपारी मी ग्रंथालयातून परत आले तर बाबा स्वयंपाकघरात फरशीवर बसले होते. भिंतीला पाठ, मांडीवर बरणी, झाकण उघडलेलं, डोळे मिटलेले. माझ्यासाठी ते बरण्या तपासत होते. मी न सांगता.

मी विचारलं, "येतो का अजून?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "येतो. थोडा."

"सगळ्यांना?"

"या रांगेतल्यांना येतो. त्या कोपऱ्यातलीला जास्त." मग म्हणाले, "खिडकीजवळच्यांचा गेला."

इतकं बारीक मी स्वतःसुद्धा पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या हातातून बरणी घेतली आणि कोपऱ्यातल्या सगळ्या पुन्हा भिजत घातल्या. ते बघत बसले. म्हणाले, "आज राहू दे, बाळ. दमलीस." मी दमले नव्हते. त्यांना माझी काळजी वाटते आणि मला त्यांची, आणि दोघं एकमेकांना राहू दे म्हणतो.

१५ मार्च, शनिवार

मोहरीची पूड. काही नाही.

१७ मार्च, सोमवार

सापडलं. हे नीट लिहिते.

खिडकीजवळच्या बरण्यांपैकी एकीला वास अजिबात नाही. जवळजवळ नाही असं नव्हे, अजिबात नाही. तिला मी वेगळं काही केलं नव्हतं. सकाळभर डोकं खाजवलं. मग मावशी दुधाचं भांडं घेऊन आली आणि त्या भांड्यावर आमच्या बरणीचं झाकण. "अगं, गेल्या आठवड्यात नेलं होतं, बरोब्बर बसतं," म्हणाली. म्हणजे ती बरणी आठवडाभर खिडकीच्या पडद्याआड राहून गेली होती, उघडी, उन्हात.

वास काचेला नाहीच. काच काही धरून ठेवत नाही. वास झाकणाच्या आतल्या रबरी वायसरला आहे. मी रोज बरणी धुऊन, पुसून, आणि मग आईच्या नियमाने ताबडतोब झाकण लावून, जो वास काढला तो परत आत कोंडत होते. सोडा, कोळसा, कॉफी, व्हिनेगर या सगळ्यांनी आपलं काम केलं होतं. मी बसले होते त्यांच्यावर झाकण घालून.

मावशीला सांगितलं तर ती ओट्याला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "म्हणजे तुझ्या एवढ्या शिक्षणावर माझ्या दुधाने पाणी फिरवलं." मग पदराने डोळे पुसले आणि बराच वेळ पुसत राहिली. म्हणाली, "ताई असती तर मला म्हणाली असती, झाकण नेलंस कसं न विचारता?"

मी आईसारखं म्हणून दाखवायला गेले. जमलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

सगळ्या बरण्या उघड्या करून खिडकीत आणि गॅलरीत मांडल्या. बाबांना समजावून सांगितलं, अगदी वायसर काढून दाखवलं, नाकाशी धरलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेऊन पुन्हा नाकाशी धरलं. "खरंच की," म्हणाले. "इथे आहे होय."

मावशीला भाजी आणायला मदत केली आणि तासाभराने वर आले, तर प्रत्येक बरणीवर झाकण. आवळलेलं. मला एकही उघडेना.

मी जरा जोरात बोलले. "बाबा, मी आत्ताच सांगितलं ना."

"सवय गं," ते म्हणाले. "उघडी दिसली की हात जातो."

मग त्यांनीच सगळी झाकणं काढून दिली. इतका वेळ लावला की मला त्यांच्या बोटांची भीती वाटली. थंडीपासून सांधे दुखतात का, विचारायला हवं. झाकणं समोर असली की हात जाणारच, म्हणून सगळी पिशवीत भरून गॅलरीत ठेवली. काकूंकडे नवी झाकणं आहेतच.

१९ मार्च, बुधवार

झाकणं भंगारवाल्याला दिली. बाबा म्हणाले होते, "झाकणं असू देत."

"बरण्याच जाणार, तर झाकणं कशाला?"

"असू देत कोपऱ्यात."

पण ज्या ओट्यावर मध भरायचा त्याच्या कोपऱ्यात लसणाची चाळीस वायसरं ठेवणं बरोबर नाही. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. ते कधीच घालत नाहीत. भंगारवाला जिना उतरून गल्लीच्या वळणापर्यंत जाईतो बाबा खिडकीत उभे होते. जिन्यात त्याने काही सांडलं तर शेजारी ओरडतात, म्हणून असेल.

आता लक्षात आलं, वर चाळीस लिहिलंय. एकोणचाळीस वायसरं होती. चाळिसावी बरणी नाही, तसं तिचं झाकणही नाही.

२० मार्च, गुरुवार

काकूंनी कालच नवं झाकण लावून एका बरणीत मध ठेवला होता. आज सगळ्यांनी चाखला. नुसता मध. मावशीने खात्री करायला तीनदा चाखला.

काकू म्हणाल्या, "पास झालीस. सोमवारी सकाळी गाडी आणते. मंगळवारपासून दादा, तुम्ही आणि मी." मग रांगेवरून बोट फिरवत मोजल्या. "चाळीस म्हणाली होतीस."

मी म्हटलं, एक सापडत नाहीये, सोमवारपर्यंत शोधून देते.

"शोध बाई. चाळिसांचं गिऱ्हाईक ठरलंय माझं. फुटली असेल तर तसं सांग, फुटण्याला कुणाचा इलाज नाही. पण असेल तर हवी मला."

मी शब्द दिला.

त्या गेल्यावर बाबांना म्हटलं, आता तुम्ही शेवटचं तपासा. त्यांनी कोपऱ्यातली घेतली, जी सगळ्यांत हट्टी होती. तोंड बरणीत जवळजवळ घालून वास घेतला. पुन्हा घेतला. मग दुसरी, मग तिसरी. मी विचारलं, "येतो?"

"नाही."

"कुठल्याच?"

"नाही, बाळ. गेला."

मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात धरला. ते जेवले नाहीत. मध खाऊन पोट भरलं म्हणाले. अर्धा चमचा खाल्ला होता त्यांनी. सर्दी झाली असेल. सर्दी असेल तर त्यांचं तपासणं धरता येणार नाही, पण काकूंनी आणि मावशीनेही चाखलंय, तेव्हा ठीक आहे.

हे सगळं मनासारखं झालं आहे. मग मला बरं का वाटत नाही, हे मला लिहिता येत नाहीये.

२२ मार्च, शनिवार

बाबा काकूंबरोबर मधाच्या पेट्या बघायला गेले. काकू म्हणाल्या, कामाला लागायच्या आधी मधमाशांशी ओळख करून घ्या. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

मी सामान भरायला घेतलं. बंदरावर वारा असतो म्हणून मावशी म्हणाली, बापाचा जुना लोकरी कोट ने, तो आता घालत नाही. कपाटात कोट मागे टांगलेला होता. काढायला गेले तर जड लागला.

एका बाहीत बरणी होती. बाही खालून त्याच दोऱ्यांनी बांधलेली, जे मी कापले होते. लाल, हिरवे, पिवळे, सगळे एकत्र वळून.

बरणी धुतलेली नाही. तळाशी व्हिनेगर आहे, बोटभर, आणि त्यात लसणाच्या तीन-चार पाकळ्या. गळ्याला निळा दोरा, आईची गाठ. डिसेंबरात आईने शेवटचा घाणा घातला होता, तो निळा. ही घरच्या जेवणाची. आईच्या बोटांचे ठसे काचेवर आहेत असं मी लिहिणार होते, पण ठसे कुणाचे ते मला सांगता येणार नाही. ठसे आहेत.

झाकण बाबांनी आवळलंय. मी उघडून बघितलं. म्हणजे प्रयत्न केला. फडकं धरून, कडेला टिचक्या मारून. उघडलं नाही. मला एवढं हायसं वाटलं की मी फरशीवर बसले, भिंतीला पाठ लावून, बरणी मांडीवर. तेव्हा कळलं की चौदा तारखेला बाबा असेच बसले होते, आणि ते माझ्यासाठी काही तपासत नव्हते.

मग मी ही डायरी सुरुवातीपासून वाचली. 'बघ', नळ, दोरे, कॅन. खिडकीजवळच्यांचा गेला. कोपऱ्यातलीला जास्त. मी सगळं लिहिलंय, एक शब्द सोडलेला नाही. रोज ते सांगत होते कुठे कुठे उरलाय, आणि मी तिथे तिथे जाऊन घासत होते.

बरणी जशी होती तशी बाहीत ठेवली. दोरा तसाच बांधला. आईची गाठ मला येत नाही, पण बाबांची येते, ती सोपी आहे. कोट मागे टांगला. मावशीला सांगितलं, कोट मला लांब होतो. ती म्हणाली, "कापून घे मग." मी म्हटलं, नको.

बाबांना काही विचारणार नाही. विचारलं तर ते बरणी आणून माझ्या हातात देतील. मी शब्द दिलाय हे त्यांना ठाऊक आहे, आणि ते वाद घालत नाहीत.

प्रश्न काकूंचा आहे. त्या मोजणार. एकोणचाळीस भरणार. त्या माझ्याकडे बघणार आणि बाबा शेजारीच उभे असणार. बाबांनी तोंड उघडायच्या आधी मला बोलायला हवं. चाळिसावी बरणी फुटली, मीच धुताना फोडली, काच कचऱ्यात टाकली, गुरुवारी सांगायची लाज वाटली, असं मी सांगणार आहे. काकू म्हणाल्याच आहेत, फुटण्याला इलाज नाही. मावशीसमोर एकदा म्हणून बघितलं पाहिजे, नाहीतर माझा आवाज हलतो.

बरणी फुटलेली नाही, हे इथे लिहून ठेवते, म्हणजे निदान एका ठिकाणी खरं राहील. बाकी सगळीकडे फुटली. सोमवार, २४ मार्च, सकाळी, काकू गाडी घेऊन आल्या की, त्या मोजून संपवायच्या आधी.